छोट्या बोटीला लाईट कशी बसवायची: उजनीच्या पाण्यावर अंधारात जाणाऱ्यांसाठी बॅटरीपासून दिव्यापर्यंत सगळं

आमची बोट १४ फुटी, फायबरची, मागे छोटं आउटबोर्ड मशीन. हिवाळ्यातला कार्यक्रम ठरलेला असतो, सोलापूरहून पहाटे ३ ला निघायचं, पुणे हायवेने टेंभुर्णी, तिथून आत वळून उजनी धरणाच्या पाण्याला लागायचं, आणि उजाडायच्या आधी रोहित पक्ष्यांच्या थव्यापासून बऱ्यापैकी लांब मशीन बंद करून गप बसायचं. म्हणजे जाणं अंधारात, आणि शेंगाचटणी-भाकरी खात बसलं की कधीकधी संध्याकाळचं येणं पण अंधारात. दोन वर्षं आम्ही हे हातातल्या टॉर्चवर केलं. मग एका संध्याकाळी परत येताना समोरून एक होडी आली, मासेमारीची, तिच्यावर लाईट नाही आणि आमची टॉर्च बंद, दोघांना एकमेकांचा पत्ता नाही, वल्ह्याचा आवाज आला म्हणून मी मशीन कट केलं आणि ती होडी हाताच्या अंतरावरून गेली. त्या आठवड्यात लाईटचं काम काढलं. ते कसं केलं आणि काय चुकलं ते इथं लिहितोय, ज्याला करायचंय त्याला उपयोग व्हावा म्हणून.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. बोटीवरची लाईट आपल्याला दिसावं म्हणून नंतर, आपण दुसऱ्याला दिसावं म्हणून आधी. मला भेटलेल्या बऱ्याच लोकांनी उलट केलेलं असतं, पुढे मोठा एलईडी बार लावतात जीपसारखा, आणि मागून किंवा बाजूने येणाऱ्याला ती बोट दिसतच नाही. वर त्या बारचा उजेड पाण्यावरून आणि धुक्यावरून परत आपल्याच डोळ्यात येतो, त्यामुळं चालवणाऱ्याला पण पुढचं काही कळत नाही.

अजून एक, लाईफ जॅकेट नसतील तर लाईटचे पैसे आधी तिकडं घाला. मे २०२४ मध्ये कुगावहून कळाशीला जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि ६ जण गेले, ते आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. ते वाऱ्यामुळं झालं, त्यात लाईटचा संबंध नव्हता, पण उजनीचं पाणी संध्याकाळच्या वाऱ्यात किती लवकर फिरतं ते विसरून चालणार नाही. तसंच धरणात बोट घालायची परवानगी आणि अंधारात फिरायला बंदी आहे का हे जलसंपदा विभागाच्या ऑफिसात विचारून घ्या, लाईट बसवली म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही.

कुठला दिवा कुठं

समुद्रावरच्या बोटींसाठी १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत टक्कर टाळायचे. ते मुळात समुद्रासाठी आणि समुद्राला जोडलेल्या पाण्यासाठी, पण दिव्यांची पद्धत इतकी सरळ आहे की धरणात पण तीच धरावी, म्हणजे जगात कुठल्याही बोटवाल्याला आपली बोट बघून कळतं.

पुढे तोंड करून बसलं की डावीकडं लाल, उजवीकडं हिरवा. माझ्या पोरीला मी असं शिकवलं, काळीज डावीकडं, रक्त लाल. ती परत कधी चुकली नाही. हे दोन्ही दिवे नाकाच्या सरळ रेषेपासून आपापल्या बाजूला ११२.५ अंश एवढंच दिसायला पाहिजेत, म्हणजे समोरून थोडं मागेपर्यंत. आणि एक पांढरा दिवा चारी बाजूंनी दिसणारा, उंच काठीवर. १२ मीटरपेक्षा लहान मशीनच्या बोटीला एवढं पुरतं. पांढरा दिवा लाल-हिरव्यापेक्षा कमीत कमी १ मीटर वर पाहिजे, आणि पांढरा २ सागरी मैलांवरून तर लाल-हिरवा १ सागरी मैलावरून दिसावा असा नियम आहे. सागरी मैल म्हणजे साधारण १.८५ किलोमीटर.

बोट ७ मीटरच्या आत असेल आणि स्पीड कधीच ७ नॉट, म्हणजे ताशी १३ किलोमीटरच्या वर जात नसेल, तर नुसता पांढरा चालतो, जमलं तर लाल-हिरवा लावा असं नियम म्हणतो. आमची बोट यात बसते. तरी आम्ही तिन्ही लावले, कारण लाल-हिरव्यामुळं समोरच्याला आपण कुठं चाललोय ते कळतं. लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले तर ती बोट सरळ तुमच्या अंगावर येतेय. आणि तुमची वाट आडवी कापणाऱ्या बोटीचा लाल दिसला तर ती तुमच्या उजवीकडून येतेय, तिला जाऊ द्यायचं, आपण स्पीड कमी करून तिच्या मागून जायचं. वल्ह्याच्या होडीला एवढं सगळं लागत नाही, एक चांगली पांढरी टॉर्च हाताशी ठेवायची आणि टक्कर होईल असं वाटायच्या आत दाखवायची.

बोटीचेच बनवलेले दिवे घ्या, ऑनलाईन मिळतात, लाल-हिरवा एकाच डब्यात येतो तो लहान बोटीला बरा पडतो. रंगीत एलईडी पट्टी कापून लाल-हिरवा बनवू नका. मी हे एका ओळखीच्या बोटीवर बघितलंय, पट्टीचा उजेड सगळीकडं पसरतो, समोरून बघितलं तर कुठली बाजू कुठली ते समजत नाही, आणि चुकीची खूण ही खूण नसण्यापेक्षा वाईट. सजावटीच्या निळ्या-हिरव्या लाईट पण त्याच कारणासाठी नकोत.

बॅटरीचा हिशोब

सगळं १२ व्होल्टवर करा. घरचं २३० व्होल्ट, इन्व्हर्टर, असलं काही बोटीवर आणू नका, ओल्या अंगाने आणि पाण्यात पाय असताना तो खेळ नाही.

आमचा हिशोब असा. चारी बाजूंचा पांढरा ३ वॅट, लाल-हिरवा ३ वॅट, आतली पट्टी ६ वॅट, झाले १२ वॅट, म्हणजे १२ व्होल्टला १ अँपिअर. ६ तास चाललं तर ६ अँपिअर-तास. मोबाईल चार्जिंग १० वॅट दोन तास धरलं तर अजून पावणेदोन. म्हणजे ८ धरा. साधी लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य लवकर संपतं, म्हणून तिच्यात दुप्पट, १६, म्हणजे बाजारातली २० अँपिअर-तासाची घ्या. लिथियम आयर्न फॉस्फेट घेतली तर १२ ची पण पुरते कारण ती ८० टक्के वापरता येते, वजन पण खूप कमी, पण चार्जर त्याच जातीचा पाहिजे.

मी सीलबंद लेड-अॅसिड घेतली. सोलापूरचं ऊन बघता बॅटरी कुठं ठेवायची याला जास्त महत्त्व आहे. मे महिन्यात इथं ४२-४३ सहज होतं, आणि ताडपत्रीखाली उन्हात ठेवलेल्या बोटीत त्याहून जास्त. उष्णतेने लेड-अॅसिड बॅटरीचं आयुष्य झपाट्याने कमी होतं, साधारण हिशोब असा की तापमान ८ ते १० अंश वाढलं की आयुष्य निम्मं. म्हणून आमची बॅटरी बोटीत राहतच नाही, हँडलच्या डब्यात आहे, ट्रिप झाली की घरी येते, माळ्यावर नाही तर खाली फरशीवर गार जागेत. पाणी भरायची बॅटरी असेल तर तिच्यातून चार्जिंगला हायड्रोजन निघतो, ती बंद डब्यात कोंडू नका.

डबा बोटीला पट्ट्याने आवळून बांधा. लाट आली आणि डबा सरकला तर आधी वायर तुटणार आणि मग बरंच काय काय होणार. पेट्रोलच्या टाकीपासून लांब ठेवा, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळात साचते आणि स्विचची एक ठिणगी तिला पुरते. आमची टाकी मागे आहे म्हणून बॅटरी आणि स्विच मधल्या बाकाखाली. वजन पण मधे राहतं.

वायर, जिथं मी चुकलो

पहिल्या वर्षी मी घरच्या कामातली उरलेली वायर वापरली, पीळ मारून काळी टेप गुंडाळली. एक पावसाळा गेला आणि दिवे मिणमिणायला लागले. वायर सोलली तर आतलं तांबं हिरवंगार, टोकापासून वीतभर आतपर्यंत. पाणी तारांच्या मधल्या फटीतून वात तेल ओढते तसं आत चढतं, वरून वायर नवीकोरी दिसते आणि आतून संपलेली असते. उजनीचं पाणी गोडं आहे म्हणून काही होत नाही असं मला वाटायचं, तसं नाहीये, दमट हवा आणि पाणी एवढं पुरतं.

तांब्यावर कथलाचा मुलामा असलेली बारीक तारांची वायर पाहिजे. बोटीसाठीची म्हणून ती इथं दुकानात मिळत नाही, पण सोलरच्या दुकानात पॅनलची डीसी केबल मिळते, चांगल्या कंपनीची असेल तर ती हीच असते आणि उन्हाला पण टिकते. फक्त टोक कापून ब्लेडने तार खरवडून बघा. पांढऱ्याखाली तांब्याचा रंग दिसला तर बरोबर, आतपर्यंत पांढरीच निघाली तर ती अॅल्युमिनियम आहे, घेऊ नका. सोलरची बहुतेक ४ स्क्वेअरची, म्हणजे आतल्या तांब्याची जाडी ४ चौरस मिलिमीटर, अशी येते, बॅटरीपासून स्विचपर्यंत ती टाकली. पुढे दिव्यांना दीडची.

एवढ्याशा एलईडीला दीडची जाड होते असं दुकानदार म्हणेल. हिशोब सांगतो. बॅटरी ते दिवा ५ मीटर असेल तर करंट जाऊन-येऊन १० मीटर वायरमधून जातो. अर्ध्या स्क्वेअरच्या वायरला १ अँपिअरवर साधारण ०.३९ व्होल्ट वाटेत पडतात, म्हणजे ३ टक्क्याच्या थोडं वर, आणि दुसऱ्याला दिसायच्या दिव्यांसाठी ३ टक्के ही मर्यादा धरतात. दीडच्या वायरला तेच ०.१३ व्होल्ट. आणि बारीक वायर हादऱ्याने तुटते, थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोपण, पण तिच्यावर नीट बसत नाही.

मायनसची वायर प्रत्येक दिव्यापासून परत आणायची. गाडीत बॉडीला अर्थ देतात ते डोक्यातून काढा. फायबरच्या बोटीत ते होणारच नाही, आणि अॅल्युमिनियमच्या बोटीत होईल पण करायचं नाही, बॉडीतून करंट फिरला की पाण्यात तो पत्रा खायला लागतो. प्लसला लाल, मायनसला काळी, शेवटपर्यंत एकच पद्धत.

फ्यूज

हे सोडू नका. बॅटरीत करंट भरपूर असतो, वायर कुठं घासून शॉर्ट झाली तर ती लाल होऊन फायबर पेटू शकतं आणि पाण्याच्या मधोमध पळायला जागा नाही. मेन फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभराच्या आत पाहिजे, कारण बॅटरी ते फ्यूज एवढा तुकडा उघडाच राहतो, त्याला कोणी वाचवत नाही. गाडीतले पात्याचे फ्यूज आणि झाकणवाला वॉटरप्रूफ होल्डर ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. मेनला १० अँपिअरचा लाल, आणि प्रत्येक दिव्याच्या लाईनला ५ चा बदामी रंगाचा, ३ चा जांभळा मिळाला तर अजून चांगलं. फ्यूज वायरला वाचवायला असतो म्हणून तो वायरच्या मानाने ठरतो, उडाला म्हणून मोठा टाकायचा नाही, का उडाला ते शोधायचं. स्पेअर ४-५ फ्यूज प्लास्टिकच्या पिशवीत डब्यातच चिकटवून ठेवा.

आता प्रत्यक्ष जोडणी

बोट अंगणात ट्रॉलीवर असताना करा, आणि बॅटरी सगळ्यात शेवटी लावा.

आधी दिवे, स्विच, बॅटरी जिथं बसणार तिथं नुसते ठेवून सुतळीने वायरचा रस्ता मोजा, वळणं धरून, आणि वर हातभर जास्त घ्या. वायर बोटीच्या वरच्या कडेखालून न्यायची, तळातून नाही, तळात पाणी साचतं. दर वीतभर अंतरावर टाय किंवा क्लिप. भोकातून जिथं वायर जाते तिथं भोकाच्या कडेला बसणारी रबरी रिंग (ग्रोमेट) किंवा ग्लँड बसवा नाही तर फायबरची कड करवतीसारखी वायर कापते. पाण्याच्या रेषेखाली एकही भोक नको. वर जी भोकं पाडाल त्यांच्या आतल्या कडेला सीलंट फिरवा, फायबरच्या आत लाकूड किंवा फोम असेल तर तो पाणी पिऊन कुजतो.

लाल-हिरवा डबा नाकावर बोटीच्या मधल्या रेषेत सरळ बसला पाहिजे, थोडा जरी फिरला तर एका बाजूचा रंग दुसऱ्या बाजूला दिसतो. मी पुढच्या टोकापासून मागच्या फळीच्या मध्यापर्यंत दोरा ताणून रेष मारली.

पांढऱ्याला मागे काठी. आमची सव्वा मीटरची अॅल्युमिनियमची आहे, काढता येणारी, खाली सॉकेट. तुमचा लाल-हिरवा कुठल्या उंचीवर आहे ते बघून काठी घ्या, १ मीटरचा फरक पडायला पाहिजे आणि बसलेल्या माणसांच्या डोक्याच्या वर दिवा राहायला पाहिजे, नाही तर पुढून येणाऱ्याला तो डोक्याआड जातो. दिव्याच्या बरोबर खाली मी काळ्या प्लास्टिकची तळहाताएवढी चकती बसवली. त्यामुळं उजेड लांब जातो पण बोटीत खाली पडत नाही. चालवणाऱ्याच्या डोळ्याला अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोडायला एक झटका पुरतो, म्हणून ही चकती मला सगळ्यात कामाची वाटली. आतली पट्टी पण बाकाच्या खाली, पायाकडं तोंड करून, मंद लाल किंवा पिवळसर. पिवळसरला किडे पण कमी येतात, पाऊस संपल्यावर उसाच्या कडेने जाताना हे फार जाणवतं.

सांधे शक्य तितके कमी. जिथं आहेत तिथं थिंबल, चांगल्या क्रिम्पिंग टूलने दाबलेलं, पक्कडीने चेपलेलं नाही. दाबल्यावर जोरात ओढून बघा, निघालं तर आत्ताच निघू द्या. वरून आत गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, गरम केल्यावर टोकातून गोंदाचा थेंब बाहेर आला म्हणजे बसली. नुसता सोल्डर नको, सोल्डर जिथं संपतो तिथं वायर कडक होते आणि हादऱ्याने तिथंच तुटते. स्विचच्या डब्यात वायर खालून आत घ्या, आणि आत जायच्या आधी तिला खाली झोका द्या म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोक्याच्या तळाशी टपकतं, डब्यात जात नाही.

स्विच दोन वेगळे ठेवा, एक बाहेरच्या दिव्यांना, एक आतल्या पट्टीला. नांगर टाकून थांबलं की नुसता पांढरा ठेवायचा असतो, लाल-हिरवा बंद, म्हणून जमलं तर तिसरा स्विच. अंधारात हाताला कळावं म्हणून बाहेरच्या स्विचवर मी फेविक्विकचा एक टिपका दिलाय.

मशीनमधून चार्जिंग घ्यायचं असेल तर एक सांभाळा. काही लहान आउटबोर्डला लाईटची कॉइल असते पण तिच्यातून एसी येतो, मशीनच्या स्पीडप्रमाणे कमी-जास्त होणारा. एसीचा डीसी करून व्होल्टेज सरळ ठेवणारा रेक्टिफायर-रेग्युलेटर न लावता एलईडी थेट जोडली की जळते. सोपा उपाय सोलर. २० वॅटचा पॅनल आपल्याकडच्या हिवाळ्यातल्या उन्हात दिवसाला साधारण ५ अँपिअर-तास देतो, आठवड्यात एक ट्रिप असेल तर भरपूर झालं. मधे चार्ज कंट्रोलर, म्हणजे बॅटरी जास्त चार्ज होऊ न देणारा डबा, पाहिजेच.

पाण्यात घालायच्या आधी

बॅटरी लावा, आधी प्लस, मग मायनस. रात्री अंगणात सगळे दिवे लावून १०० पावलं लांब जा आणि बोटीला पूर्ण फेरी मारा. पांढरा कुठूनच आड जायला नको, ठीक मागून लाल-हिरवा दिसायला नको, ठीक समोरून दोन्ही दिसले पाहिजेत. मग बादलीने पाणी मारा, दिव्यांवर, स्विचवर, सॉकेटवर, आणि दिवे चालू ठेवूनच झोपा. ६ तासांनी दिवे बंद करून थोडा वेळ जाऊ द्या आणि मल्टीमीटर लावा. लेड-अॅसिड भरलेली असते तेव्हा निवांत १२.७ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी झाली. ६ तासात १२.२ च्या खाली गेली असेल तर हिशोब चुकला किंवा बॅटरी जुनी विकली गेली, ते घरी कळलेलं बरं.

आमची पहिली चाचणी यात नापास झाली, सॉकेटमध्ये पाणी गेलं आणि पांढरा बंद पडला. सॉकेटचं रबर उलटं बसलं होतं. ते बदललं, आत थोडं पेट्रोलियम जेली लावलं, परत बादली मारली.

पाण्यावर

लाईट असली तरी दोन गोष्टी तिला दिसत नाहीत. एक म्हणजे जाळी. थर्माकोलचे तुकडे पाण्यावर बांधलेले असतात, त्यासाठी टॉर्च हातात पाहिजे, पुढे बसलेल्याच्या, आणि ती लावली की चालवणाऱ्याच्या डोळ्यावर येणार नाही अशी धरायची. मासेमारांची होडी दिसली तर टॉर्च तिच्या अंगावर मारायची नाही, पाण्यावर मारायची, ते पण अंधारातच बघून काम करत असतात.

दुसरी गोष्ट काठाची. उजनीच्या काठाने शेतकऱ्यांच्या मोटारी आहेत, पाणी मागे गेलं की मोटारी पुढे सरकवतात आणि केबल चिखलातून, पाण्यातून गेलेल्या असतात, कुठं सोललेल्या पण. अंधारात काठाला लागताना पाइपला किंवा मोटारीच्या तराफ्याला बोट बांधायची नाही, केबलला हात लावायचा नाही, नांगर तिच्याजवळ टाकायचा नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावांच्या भिंती वर येतात, पळसदेवचं देऊळ दिसायला लागतं ते सगळ्यांना माहिती आहे, पण वर न आलेल्या भिंती जास्त धोक्याच्या, फेब्रुवारीनंतर आम्ही अंधारात नवीन वाटेने जातच नाही, दिवसा मोबाईलवर ट्रॅक करून ठेवलेल्या वाटेनेच जातो.

आणि पक्ष्यांजवळ पोचल्यावर टॉर्च आणि आतली पट्टी बंद. नांगराचा पांढरा तेवढा उजाडेपर्यंत राहू द्या, काठीवरचा तो मंद उजेड थव्याला त्रास देत नाही असं आम्हाला तरी दिसलंय, पण टॉर्चचा एक झोत गेला की सगळा थवा उठतो आणि परत बसायला अर्धा तास घेतो.